241 नाबाद, कव्हर ड्राइव्ह वजा

मैदानावर मुलांना शिकवताना एक गोष्ट मला दर मोसमात दोन-तीनदा तरी ऐकावी लागते, आणि ती सांगणारे बहुधा मुलाचे बाबा असतात. "सर, सचिनने सिडनीला ठरवलं होतं ना, कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही म्हणून? आणि मग दोनशे एकेचाळीस ठोकले. आमच्या ह्यालाही सांगा ना, जरा मन घट्ट कर म्हणून." मी मान डोलावतो. कव्हर ड्राइव्ह म्हणजे ऑफ स्टंपबाहेर पुढे पडलेला बॉल ऑफ साइडला मारायचा देखणा शॉट. गोष्ट खोटी नाही. पण सांगून सांगून तिचा शाळेच्या फळ्यावरचा सुविचार झालाय. मन घट्ट केलं, शॉट सोडला, रन झाले. बारा-तेरा वर्षांच्या पोराने ह्यातून घ्यायचं काय? मन घट्ट करायचं म्हणजे शनिवारी सकाळी तंबूत पॅड बांधताना नक्की काय करायचं?

म्हणून ते प्रकरण एकदा सुटं करून बघतो. एक फलंदाज, सचिन तेंडुलकर; एक कसोटी, जानेवारी 2004 मधली सिडनीची; तीन दिवसांत पसरलेला एक डाव. आपल्यातल्या पुष्कळांनी तो पहाटे उठून, शाल गुंडाळून, आवाज बारीक ठेवून टीव्हीवर पाहिलाय. त्यामुळे आठवणी आणि दंतकथा ह्यांची सरमिसळ झालीच आहे. ती जमेल तेवढी वेगळी करतो.

आधी काय बिघडलं होतं

2003 साली सचिनचं काही बिघडलं होतं असं म्हणणं एरवी हास्यास्पदच. त्याच वर्षी मार्चमध्ये संपलेल्या वर्ल्ड कपात त्याने 673 धावा केल्या होत्या आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. कसोटीचा हिशेब मात्र वेगळा. ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्ध अहमदाबादला 8 आणि 7, मोहालीला 55 आणि 1. मग ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला 0, अ‍ॅडलेडला 1 आणि 37, मेलबर्नला 0 आणि 44. बेरीज करा: नऊ डाव, 153 धावा, सरासरी 17. आणि हे बाकीचे सगळे धावांची लूट करत असताना. ब्रिस्बेनला गांगुलीचं शतक, अ‍ॅडलेडला द्रविडच्या 233 धावा आणि ऐतिहासिक विजय, मेलबर्नला सेहवागच्या 195. संघात एकाच माणसाचं ताट रिकामं, आणि तो माणूस सचिन.

आता ऑस्ट्रेलियातल्या त्या मालिकेतले पाच डाव कसे संपले ते बघा, कारण गोष्टीची पहिली गाठ तिथेच आहे. ब्रिस्बेनला त्याने बॉल सोडला आणि पंच स्टीव्ह बकनरनी पायचीत दिलं. बॉल स्टंपांच्या वरून जात होता, हे रिप्लेत सगळ्या जगाला दिसलं. अ‍ॅडलेडला पहिल्या डावात बिकेलच्या बाहेरच्या बॉलला छेडलं, गिलख्रिस्टकडे झेल. दुसऱ्या डावात मॅकगिलने पायचीत केलं. मेलबर्नला ब्रेट लीचा लेग स्टंपबाहेर जाणारा बॉल नुसता चाटून गिलख्रिस्टच्या हातात. आणि दुसऱ्या डावात, चांगला 44 वर जमलेला असताना, ब्रॅड विल्यम्सच्या बॉलवर पुन्हा यष्टीमागे झेल.

म्हणजे पाचांपैकी एक पंचांची चूक, एक चक्क दुर्दैव, एक फिरकीला पायचीत, आणि ऑफ स्टंपबाहेर बॅट घालून गेलेले फार तर दोन. कव्हर ड्राइव्हमुळे तो सारखा बाद होत होता असं आपण सर्रास म्हणतो. कागद तसं म्हणत नाही. कुणी कोच त्या वेळी पायाची ठेवण, बॅकलिफ्ट, डोक्याची जागा असं काही दुरुस्त करायला बसला असता, तर त्याला दुरुस्तीला काही सापडलं नसतं आणि त्याने नवीच मोडतोड केली असती. असे कोच मी पाहिलेत. खरं म्हणजे तरुणपणी मीही तसाच होतो.

अजितचं निदान

सचिनने पुढे स्वतःच सांगितल्याप्रमाणे निदान केलं ते थोरल्या भावाने, अजितने. त्याचं म्हणणं असं होतं की तंत्रात खोट नाही, खोट शॉट निवडण्यात आहे, म्हणजे डोक्यात आहे. आणि त्याने उपाय सांगितला तो फार साधा वाटतो: सिडनीला बाद व्हायचंच नाही. तू ठरवलंस तर तुला कुणी बाद करू शकत नाही, ह्या धर्तीचं आव्हान.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण ह्या आव्हानात काय नाही ते महत्त्वाचं आहे. शंभर कर, असं अजित म्हणाला नाही. फॉर्म परत आण, टीकाकारांची तोंडं बंद कर, हेही नाही. धावांचा उल्लेखच नाही. किंमत लावली ती विकेटला.

आणि ही किंमत लावायची रीत त्या घरात नवीन नव्हती. 1984 साली अकरा वर्षांच्या सचिनला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेला तो अजितच. सरांची एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दिवसभर मॅच आणि नेट करून पोरगं दमलं की सर मधल्या स्टंपवर रुपया ठेवायचे. जो बॉलर बाद करेल त्याला रुपया, कुणीच नाही केलं तर तो सचिनचा. अशी 13 नाणी त्याने जपून ठेवली आहेत. आपण ही गोष्ट बक्षिसाची म्हणून सांगतो. पण नीट बघा, त्या वेळेत किती रन केले ह्याला काही मोलच नव्हतं. दमलेल्या अंगाने, संध्याकाळच्या पडत्या उजेडात, फक्त त्या स्टंपवरचा रुपया पडू द्यायचा नाही. धाव हे त्या खेळातलं चलनच नव्हतं.

मुंबईत ह्याला खडूसपणा म्हणतात आणि तो शब्द इथे कौतुकाचा आहे. बाहेरचे लोक त्याचा अर्थ चिकट, कंटाळवाणा फलंदाज असा घेतात. तसं नाही. खडूस माणूस मारतो, भरपूर मारतो, पण समोरच्याला फुकट काही देत नाही. बीट झाल्यावर चेहरा पाडत नाही. भाजीवालीशी चार आण्यांसाठी घासाघीस करणारी आजी असते ना, तिच्याकडे पैसे नसतात असं नव्हे.

तर अजितने वीस वर्षांनी, सात समुद्रापलीकडे, पुन्हा स्टंपवर रुपया ठेवला. माझ्या मते सिडनीच्या डावाची चावी कव्हर ड्राइव्हमध्ये नाही, ह्यात आहे. कव्हर ड्राइव्ह सोडणं ही त्या रुपयातून निघालेली एक अंमलबजावणी.

तीन दिवस

2 जानेवारी 2004, शुक्रवार. ऑस्ट्रेलियाचा कप्तान स्टीव्ह वॉचा शेवटचा कसोटी सामना, त्यामुळे सिडनी क्रिकेट ग्राउंडवर गर्दी वॉला निरोप द्यायला जमलेली, हातात त्याच्यासारखे लाल रुमाल. सेहवाग आणि आकाश चोप्राने 123 धावांची सलामी दिली. सेहवाग गेला, पाठोपाठ चोप्राही, आणि 2 बाद 128 वर सचिन आला.

त्या दिवशी ज्यांनी पाहिलं त्यांना पहिली जाणीव झाली ती एका गैरहजेरीची. बॉल ऑफ स्टंपबाहेर, टप्पा पुढे, जणू ताटात वाढलेला, आणि सचिनची बॅट वर राहिली. पुन्हा तसाच बॉल, पुन्हा सोडला. टीव्हीपुढे आपलीच मनगटं शिवशिवत होती. ज्या शॉटसाठी माणसं तिकीट काढत, तो त्याने किटबॅगेतच ठेवलेला. ऑस्ट्रेलियन बॉलर बाहेर टाकून मोहात पाडू पाहताहेत, म्हणून तो शॉट बंद केला, असं त्याने नंतर सांगितलं.

पहिल्या दिवसअखेर 3 बाद 284, सचिन 73. दुसऱ्या दिवसअखेर 5 बाद 650, सचिन 220. तिसऱ्या दिवशी 7 बाद 705 वर डाव घोषित, सचिन 241 नाबाद. 436 बॉल, 613 मिनिटं, 33 चौकार. त्यातले 28 चौकार लेग साइडला, म्हणजे पायांकडच्या बाजूला. डावात एकही कव्हर ड्राइव्ह नव्हता असं छातीठोक सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही; 33 मधले 28 एवढा आकडा पुरेसा बोलका आहे.

ह्या 28 चौकारांतच नुसता संयम आणि डोकं वापरून केलेला संयम ह्यांच्यातला फरक कळतो. समजा, बॉलर आठ षटकं ऑफ स्टंपबाहेर टाकतोय आणि समोरचा ढिम्म हलत नाही. बॉलरलाही कंटाळा येतो, त्याच्या कप्तानाला त्याहून आधी. ऑफला सात क्षेत्ररक्षक उभे करून सकाळ फुकट गेली. मग तो नकळत वीतभर आत येतो, स्टंपांच्या रोखाने. आणि मिडविकेटला रान मोकळं असतं. सचिनने पायावरचा बॉल मनगटाने वळवला, मिड-ऑनच्या बाजूने सरळ बॅटने ढकलला, पुन्हा वळवला. बॉलर बाहेर गेला की सोडला. शंभर बॉलमागे 55 धावा, म्हणजे मुंगीची चाल अजिबात नव्हती. त्याने बॉलरला आपल्या अंगणात यायला लावलं, आणि त्यासाठी फक्त वाट पाहिली.

दुसऱ्या टोकाला लक्ष्मण होता. तो कव्हर ड्राइव्ह मारत होता, ऑन ड्राइव्ह मारत होता, काय हवं ते मारत होता, 178 केल्या. चौथ्या विकेटसाठी 353 धावांची भागी. समोरून इतकं सुंदर काही चाललेलं असताना आपला हात आवरणं किती अवघड, ते ज्याने कधी भरात असलेल्या जोडीदाराबरोबर बॅटिंग केलीय त्याला विचारा. जोडीदाराचा शॉट संसर्गासारखा लागतो.

दार एकदाच लावायचं

आता ह्यातला मानसिक भाग. वेगवान बॉलरच्या हातून सुटलेला बॉल बॅटपाशी पोचायला साधारण अर्धा सेकंद. तेवढ्यात टप्पा ओळखायचा, खेळायचं की सोडायचं ठरवायचं, कुठला शॉट ते ठरवायचं आणि पाय हलवायचा. फॉर्म गेलेल्या माणसाच्या डोक्यात ह्या अर्ध्या सेकंदात एक जास्तीचा प्रश्न शिरतो: मारू का? मागच्या वेळी गेलो होतो. पण हा तर मारण्यासारखाच आहे. ह्या घोळात बॅट ना पुरती जाते ना पुरती थांबते, आणि कड लागते. यष्टीमागच्या झेलांतले निम्मे तरी असे अर्धवट मनाचे असतात. हा माझा अंदाज. पण मैदानावर पंचवीस वर्षं उन्हात उभं राहून बांधलेला.

कव्हर ड्राइव्ह आदल्या रात्रीच बाद करून टाकला की तो प्रश्नच उठत नाही. बाहेरचा पुढचा बॉल म्हणजे सोडायचा बॉल, विषय संपला. निर्णय एकदा घेतला, 436 वेळा नाही. बाबा लोक ज्याला मन घट्ट करणं म्हणतात ते प्रत्येक बॉलला करायचं असतं तर सचिनही चहापानापर्यंत दमला असता. दर वेळी घराबाहेर पडताना कुलूप लावलं का ह्याची काळजी करणारा माणूस आणि कुलूप लावून निघालेला माणूस, दोघांच्या घराला कुलूप एकच असतं.

टिकण्याबद्दलही एक गैरसमज आहे. 613 मिनिटं, म्हणजे दहा तास तेरा मिनिटं त्याने लक्ष एकाग्र ठेवलं, असं म्हणतात. कोणीच तसं ठेवू शकत नाही. मी मुलांना एक हिशेब घालतो. एका बॉलला, बॉलरची शेवटची पावलं ते बॉल खेळून होईपर्यंत, पाच सेकंद धरा. 436 गुणिले पाच म्हणजे 2180 सेकंद, साधारण 36 मिनिटं. दहा तासांच्या डावात खरं, टोकदार लक्ष लागलं ते इतकंच. समोरच्या टोकाला उभं असताना धावेकडे लक्ष असतं, ते वेगळं आणि हलकं. उरलेला वेळ लक्ष सैल सोडता आलं पाहिजे, आणि सोडलेलं लक्ष वेळेवर परत बोलावता आलं पाहिजे. फलंदाजाच्या त्या सगळ्या लकबी ह्या बोलावण्यासाठी असतात.

सचिनच्या आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. बॉलर मार्कवर वळायच्या सुमारास पाय फाकवून किंचित खाली बसायचं, गार्ड नीट करायचं. साइट स्क्रीनपाशी कुणी हललं की थांबवायचं. गल्लीत टेनिस बॉलने खेळणारी, गार्ड म्हणजे काय ते माहीत नसलेली पोरंसुद्धा ती बसण्याची नक्कल करायची. आम्हाला ती गंमत वाटायची. ती घंटा होती: सुट्टी संपली, वर्ग भरला. बॉल खेळून झाला की पुन्हा सुट्टी.

रात्रीचा भाग

दिवसअखेर नाबाद राहिलेल्या माणसाची खरी परीक्षा संध्याकाळी असते. 73 वर नाबाद आहात, हॉटेलवर आलात, आणि डोकं उद्याचा डाव आजच खेळायला लागतं. उद्याचे 27 रन गादीवर पडल्या पडल्या होतात, त्यातच दोनदा बादही होता, आणि सकाळी पॅड बांधताना शिळे झालेले असता.

सिडनीच्या त्या दिवसांत सचिनने दोन गोष्टी केल्या, असं त्याने सांगितलं आहे. ब्रायन अ‍ॅडम्सचं एकच गाणं पाचही दिवस पुन्हा पुन्हा ऐकलं. आणि सामन्याआधी ज्या मलेशियन रेस्तराँत जेवला होता तिथेच नंतरही गेला, त्याच टेबलाशी बसला, तेच पदार्थ मागवले. लोक ह्याला अंधश्रद्धा म्हणून हसतात. असेलही, क्रिकेटपटूंइतके शकुन पाळणारे लोक मी आमच्या आजोळच्या गावीही पाहिले नाहीत. डावं पॅड आधी बांधणं हाही त्यातलाच प्रकार. तंबूत सीट न बदलणारे तर आमच्या क्लबातही अर्धा डझन आहेत, आणि त्यांतल्या दोघांची सरासरी नऊ आहे.

पण शकुन बाजूला ठेवून बघितलं तर त्या टेबलाने काय केलं? संध्याकाळ रिकामी ठेवली. कुठे जायचं, काय खायचं, काय ऐकायचं, ह्यातलं काहीच ठरवायचं उरलं नाही. नवं काही घडलं नाही म्हणून डोक्याला चघळायला काही मिळालं नाही. आणि जे गाणं दहाव्यांदा वाजतं ते ऐकू येत नाही, ते नुसतं खोली भरून टाकतं. उद्याच्या डावाला शिरायला जागा राहत नाही.

इथे झोपेबद्दलही बोललं पाहिजे, कारण मुलं ते विचारायला लाजतात. 2021 मध्ये एका जाहीर गप्पांत सचिनने सांगितलं की कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं सामन्याआधीच्या रात्री तो कासावीस असायचा, झोप लागायची नाही. पुढे त्याने ते मान्य करून टाकलं: हाही तयारीचाच भाग आहे. मग उठून टीव्ही बघायचा, व्हिडिओ गेम खेळायचा. चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं ह्याचाही उपयोग व्हायचा. बॅग आदल्या दिवशीच भरायची. ती सवय भावाने लावलेली, शेवटच्या सामन्यापर्यंत टिकलेली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला 241 पेक्षा ह्याचं जास्त नवल वाटलं. ज्या माणसाला आपण निर्भय समजत होतो तो रात्री दोन वाजता जागा होता, आणि त्याने त्या जागेपणाशी भांडण सोडलं होतं.

गोष्टीत न सांगितलेलं

हिशेब पुरा करायचा तर हेही सांगितलं पाहिजे. त्या मालिकेत ऑस्ट्रेलियाचे दोन हुकमी बॉलर नव्हते: मॅकग्रा दुखापतीमुळे आणि वॉर्न बंदीमुळे. खेळपट्टी बॅटिंगची होती. सातशेच्या वर धावा उगाच लागत नाहीत, आणि ऑस्ट्रेलियानेही उत्तरात 474 केल्या. सचिन आला तेव्हा सलामीवीरांनी नव्या बॉलची धार काढून ठेवली होती. हिरव्या खेळपट्टीवर, 2 बाद 6 अशा अवस्थेत, मॅकग्रा टाकत असताना हीच योजना चालली असती का? मला शंका आहे. एकाच टप्प्यावर तोच खिळा ठोकणारा बॉलर कंटाळून आत येत नाही.

आणि सर्वांत मोठी अट: एक शॉट बंद करायचा तर उरलेल्यांत पोट भरलं पाहिजे. सचिनकडे लेग साइडला इतकं काही होतं की ऑफची पेठ बंद ठेवूनही दुकान चाललं.

योजना टिकली ती मात्र खरी टिकली. सिडनीच्या दुसऱ्या डावात 60 नाबाद. पुढची कसोटी मुलतानला, तिथे 194 वर नाबाद असताना डाव घोषित झाला, ज्यावरून आजही घराघरांत भांडणं होतात. अजितने मागितलं होतं बाद न होणं, आणि तीन डावांत 495 धावा होईपर्यंत ते मिळत राहिलं. मग लाहोरला उमर गुलने 2 वर पायचीत केलं.

आमच्या मैदानावर

दोन मोसमांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, चौदा वर्षांखालचा. ड्राइव्ह देखणा. चार मॅचमध्ये तीनदा गलीत किंवा स्लिपमध्ये झेल देऊन आला. मलाही सिडनीचा मोह झाला. म्हटलं, "पुढच्या मॅचला ड्राइव्ह बंद. बाहेरचा बॉल दिसला की सोडायचा."

पोरगं शब्दाचं पक्कं. एकतीस बॉल खेळला, दोन रन. बत्तिसावा बॉल सरळ मधल्या स्टंपवर होता, त्याने बॅट खांद्यावर घेतली आणि तो त्रिफळा होताना बघत उभा राहिला. परत आला तेव्हा हातमोज्यांचे वेल्क्रो उघडत, बंद करत, उघडत म्हणाला, "सर, मला सगळेच बाहेरचे वाटत होते."

चूक सपशेल माझी. मी त्याला काय करायचं नाही ते सांगितलं, आणि त्याने एकतीस बॉल त्या न करायच्या गोष्टीचाच विचार केला. त्याच्याकडे पायावर ना फ्लिक, ना मागे जाऊन कट. मी त्याची एकुलती एक दुभती गाय बांधून ठेवली आणि दूध मागत बसलो. शिवाय रुपया ठेवलाच नाही स्टंपवर. नुसती बंदी घातली.

पुढचे दोन महिने आम्ही नेटमध्ये फक्त पायावरचे बॉल खेळलो. ड्राइव्ह बंद नव्हता. फक्त पहिले पंधरा बॉल, तेही स्वतः मोजायचे, त्याने आपल्या अंगावर येणाऱ्या बॉलचीच वाट बघायची. "बाहेरचा सोड" हे शब्द मी वापरणं थांबवलं, विचारायचो, "तुझा बॉल कुठला?" तो बोटाने पॅडकडे दाखवायचा. बॉलर वळला की बॅटचं टोक दोनदा जमिनीला, नजर बॉलरच्या हातावर. बॉल संपला की स्क्वेअर लेगच्या पंचाकडे बघायचं आणि वाट्टेल तो विचार करायचा. कसला करतोस म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाला, "वडापावचा." मी त्यात ढवळाढवळ केली नाही.

नेटच्या शेवटच्या दहा मिनिटांत मधल्या स्टंपवर नाणं ठेवायला लागलो. आता दहाचं ठेवतो. रुपयाला पोरं वाकत नाहीत. पहिला महिनाभर ती सगळी एका डावखुऱ्या स्पिनरने नेली. मोसम संपता संपता ह्याच्याकडे चार झाली होती, आणि शेवटच्या मॅचमध्ये 38 नाबाद. त्यात ड्राइव्हचे दोन चौकार होते, दोन्ही विसाव्या बॉलनंतरचे.

झोपेची गोष्टही मी त्याला सांगितली होती, चहा, इस्त्री, बॅग सगळं. त्या शेवटच्या मॅचच्या सकाळी तो आला तर पांढऱ्या पँटच्या डाव्या मांडीवर इस्त्रीचा चांगला तळहाताएवढा तपकिरी डाग. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "रात्री झोप येत नव्हती म्हणून मीच केली, सर. आई जाम ओरडली." आणि खाली बसून डावं पॅड बांधायला लागला. डाग पॅडखाली जातो का बघत होता, गेला नाही.